झाडू : एका घरगुती शब्दाची झाडाझडती

मागं एका दिवाळी अंकात केरसुणीवरचा ललित लेख वाचला. लेख गोड होता. पहाटेचं सारवलेलं अंगण, आजीच्या बांगड्या, केरसुणीची सरसर, लक्ष्मीपूजनाला तिच्यावर वाहिलेलं हळदकुंकू. शेवटी लेखक शहरातल्या फ्लॅटमध्ये व्हॅक्युम क्लीनरचा आवाज ऐकतो आणि त्याचे डोळे भरून येतात. चांगली चार पानं. त्या चार पानांत केरसुणी बांधली कुणी, ते नाही. आजीनं अंगणातून काढलेला केर पुढं गेला कुठं, तो उचलला कुणी, तेही नाही.

आमच्या मेहरूणच्या घरात मी तो लेख मायला मोठ्यानं वाचून दाखवला. माय शाळेत गेलेली नाही, पण ऐकते बारीक. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यास्नं आंगन त्यास्नी आजी झाडे. मंग गाव कोन झाडे?"

प्रस्थापित समीक्षेला जे चार पानांत सुचलं नाही ते मायनं एका वाक्यात विचारलं. मी मराठी शिकवणारा माणूस. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आधी शब्दातच शोधावंसं वाटलं. म्हणून ही झाडाझडती.

एक

लहानपणी आम्हाला एकानं सांगितलं होतं, झाडापासून होतो म्हणून झाडू. ऐकायला बरं, पण खरं नाही. झाडू आला 'झाडणे' या क्रियापदातून. आणि झाडणे आलं 'झडणे'च्या घरातून. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे, तसं झडणे–झाडणे. या जोड्या नीट बघा. पहिल्यात गोष्ट आपोआप होते. पान पडतं, माणूस मरतो, पाणी गळतं, मोहोर झडतो. दुसऱ्यात कुणीतरी ती करतो. पाडणारा असतो, मारणारा असतो, झाडणारा असतो. एका काना-मात्रेचा फरक, पण त्या कान्यात एक माणूस उभा आहे.

आपली भाषा त्या माणसाला झाकायला फार तत्पर. 'रस्ता झाडला गेला', 'परिसर स्वच्छ करण्यात आला', 'कचरा उचलण्यात आला'. कुणी? कर्मणी प्रयोगात कर्ता सांगावा लागत नाही. व्याकरणात ती सोय आहे आणि समाजात ती सवय आहे.

आता झाडूचा शेवटचा 'ऊ'. खाणे–खाऊ. उतरणे–उतारू. खाऊ ही वस्तू, उतारू हा माणूस. झाडू कोण? शब्दकोश सांगेल, वस्तू. पण गल्लीत कान द्या. "आज झाडू आला नाही," असं बाया ओट्यावरून म्हणतात. वस्तू चालत येत नाही. त्यांना माणूस म्हणायचं असतं. हातातलं हत्यार माणसाला चिकटलं, पुढं माणूस गळाला आणि हत्याराचं नाव उरलं. सुताराला कुणी 'रंधा आला' म्हणत नाही. डॉक्टरला 'सुई आली' म्हणत नाही.

दोन

झाडणेचे अर्थ किती! मी वहीत उतरवत गेलो तर पान भरलं.

घर झाडणे. अंग झाडणे, म्हणजे जबाबदारी नाकारणे. हात झाडून मोकळं होणे. एखाद्याला झाडणे, म्हणजे खरडपट्टी काढणे. भूत झाडणे. झाडा देणे, म्हणजे हिशेब देणे. झडती घेणे. झाडाझडती. गोळी झाडणे. आणि 'झाडून सगळे'.

वर वर बघितलं तर हे शब्दाचं वैभव. व्याकरणाचा मास्तर इथं खूश होऊन थांबेल. आपण थांबू नये. प्रत्येक अर्थाला विचारावं, बाबा रे, तू कुणाच्या अंगावरून आलास?

झडती घ्या. गावात चोरी झाली की पहिली झडती कुणाच्या झोपडीची? १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्यानं तर जन्मालाच गुन्हा ठरवलं. पारध्याच्या पोटी आला म्हणजे चोर. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस पाटलाच्या डोक्यातून तो किती साली रद्द झाला, ते ज्याच्या वस्तीत रात्री गाडी येते त्याला विचारा.

भूत झाडणे घ्या. भगत कडुनिंबाचा डहाळा किंवा झाडू फिरवतो आणि बाईच्या अंगातलं भूत झाडतो. मारही तिलाच बसतो. नवरा दारू पितो, सासू छळते, त्यांच्या अंगातलं भूत कुणी झाडत नाही.

गोळी झाडणे घ्या. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली बघून माणसं रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसं मेली. असल्या बातमीची मराठी आपल्याला तोंडपाठ आहे : 'जमावावर गोळ्या झाडण्यात आल्या.' पुन्हा तोच कर्मणी. जणू गोळ्या मोहोरासारख्या झडल्या. झडणे आणि झाडणे यातला माणूस दडवायचा असला की भाषा कशी वाकते बघा.

आणि आता 'झाडून सगळे'. "लग्नाला गाव झाडून आलं होतं." म्हणजे एकूण एक माणूस, मागं कुणी राहिलं नाही. किती सुंदर प्रयोग! पण ज्या गावात हा प्रयोग घडला त्या गावाच्या पंगतीत आपण होतो का? महारवाडा, मांगवाडा, मेहतरवाडा त्या 'सगळे'त होता का? पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायला होता. गाव झाडून आलं, आणि झाडणारा तेवढा बाहेर राहिला.

तीन

नावंही बघा. पुण्याकडं केरसुणी, साताऱ्याकडं साळुता, कोकणात वाढवण, गोव्यात सारण, विदर्भात फडा. अंगणाला खराटा, भिंतीला कुंचा. आमच्याकडं बोलताना झाडूच. दर बारा कोसांवर नाव बदलतं. ते बांधणाऱ्याची आणि फिरवणाऱ्याची जात मात्र फारशी बदलत नाही.

शिंदीच्या पानांची केरसुणी बांधण्याचं काम परंपरेनं मातंग समाजाकडं. पानं तोडायची, वाळवायची, चिरायची, मुठीला गच्च बांधायची. हाताला चिरा पडतात. दिवाळीच्या आदल्या दिवसांत बाया रस्त्याच्या कडेला केरसुण्यांचा ढीग लावून बसतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. तिला झाडू म्हणायचं नाही, 'लक्ष्मी' म्हणायचं. माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी बघितलंय, गिऱ्हाईक लक्ष्मी उचलून पिशवीत घालायचं आणि पैसे त्या बाईच्या पदरात वरून टाकायचं. हाताला हात लागू नये. लक्ष्मी बांधणारे हात विटाळाचे आणि त्या हातांनी बांधलेली लक्ष्मी देव्हाऱ्याजवळ. हे आमच्या ललित लेखकाला दिसलं नाही. त्याला किणकिण ऐकू आली.

बरं, ही लक्ष्मी एका संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी तीच केरसुणी संडासाच्या कोपऱ्यात. भांडणात 'झाडूनं हाणीन' ही शेवटची शिवी. पायताणाच्या जवळपासची. पूजा आणि शिवी यांच्यामध्ये जी जागा आहे तिथं रोज राबणारं माणूस उभं आहे. त्याला ना हळदकुंकू, ना माफी.

आमच्या घरात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लक्ष्मीपूजन बंद झालं. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. तरी मायला झाडूला पाय लागलेला आजही चालत नाही. मी एकदा म्हटलं, माय, ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, "मी देव म्हनून नही कव्हत. माले जनमभर त्यानी भाकर दिधी." मी गप्प बसलो. हत्याराविषयीचा कामगाराचा आदर आणि पुजाऱ्याचा आदर यात फरक असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

चार

मित्रांनो, झाडूचा इतिहास वाचायचा असेल तर १९३६ हे एकच साल उघडा. त्या एका सालात दोन झाडू एकमेकांसमोर उभे आहेत.

पहिला बाबासाहेबांच्या पुस्तकातला. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बोलावलं, भाषण वाचून घाबरलं, संमेलनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ च्या मे महिन्यात स्वतः छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात पेशव्यांच्या पुण्याचं वर्णन आहे. अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधून चालावं, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागं झाडली जाईल. गळ्यात मडकं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडणार नाही. झाडू आणि मडकं. दोन्ही घरातल्या वस्तू. स्वयंपाकघरातून उचलून माणसाच्या अंगावर बेडीसारख्या चढवल्या. इथं झाडू घाण झाडत नाही. इथं माणसाचं पाऊलच घाण ठरवलंय, आणि ते पुसायचं कामही त्याच माणसावर लादलंय. स्वतःची खूण स्वतः पुसत जायची. याहून भयंकर अर्थ या शब्दाला कुठल्या कोशानं दिलेला मला माहीत नाही.

दुसरा झाडू त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. त्यानं आरोग्यशास्त्र जाणावं, चांगला संडास कसा असतो हे त्याला कळावं, मैल्याची पारख असावी आणि हे काम त्यानं पवित्र कर्तव्य समजून करावं. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू, गांधीजी हजर. खानदेशातली थोर मंडळी आजही त्या अधिवेशनाचं नाव निघालं की सद्गदित होतात. व्हावं. पण एक महिना आधी लिहिलेला तो लेखही त्यांनी सोबत वाचावा.

गांधीजींनी स्वतः झाडू हातात घेतला होता, हे खरं आहे आणि ते आपण नाकारू नये. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही, सल्ल्याचा आहे. ज्याला जन्मानं झाडू दिला त्याला सांगणं, की हे पवित्र आहे, नीट कर. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात याचीच चिरफाड केली. सक्तीच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणं म्हणजे ती सक्ती पक्की करणं. काही प्रांतांत तर झाडूवाल्यानं काम नाकारणं हा फौजदारी गुन्हा होता. पवित्र कर्तव्य सोडलं तर तुरुंग!

या दोन झाडूंच्या शेजारी तिसरा एक झाडू ठेवतो. गाडगेबाबांचा. परीट जातीत जन्मलेला हा माणूस गावात शिरायचा तो खराटा घेऊन. आधी गाव झाडायचा, रात्री कीर्तनात माणसांना झाडायचा. देव, नवस, कर्ज, दारू, शिवाशीव. झाडणेचे दोन्ही अर्थ त्यानं एका दिवसात वापरले. त्यानं कुणाला 'हे तुझ्या जातीचं काम, पवित्र मान' असं सांगितलं नाही. दुसऱ्याचं काम स्वतः करून दुसऱ्याला शाळेत पाठवा म्हणाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, २० डिसेंबरला गाडगेबाबा. चौदा दिवसांचं अंतर.

पुढं सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. दिल्लीत २०१३ ला झाडू निवडणुकीचं चिन्ह झाला. २ ऑक्टोबर २०१४ ला पंतप्रधानांनी दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत झाडू मारून स्वच्छ भारतची सुरुवात केली आणि मग गावोगाव पुढाऱ्यांचे झाडूसह फोटो निघाले. फोटोपुरता कचरा कुणीतरी आधी आणून टाकायचा. फोटोनंतर कुणीतरी उचलायचा. तो 'कुणीतरी' पुन्हा कर्मणीत.

पाच

इथपर्यंत लिहिणं सोपं. दुसऱ्याच्या अंगणातला केर सगळ्यांनाच दिसतो. आता आपलं अंगण.

आपल्या साहित्यानं घरातल्या वस्तूंना नवे अर्थ दिले, हे त्याचं मोठं काम. दया पवारांच्या 'बलुतं'नं १९७८ मध्ये गावगाड्याचा एक रोजचा शब्द उचलला आणि त्याची लाज लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडं सरकवली. ऊर्मिला पवारांनी २००३ मध्ये आत्मकथेला 'आयदान' नाव दिलं. आई विणायची ते बांबूचं सामान. आईचं विणणं आणि लेकीचं लिहिणं एका शब्दात आलं. समीक्षा खरी इथं शिकावी.

पण झाडूच्या बाबतीत आपण कमी पडलो. आपल्या कवितेत, भाषणात पेशव्यांच्या पुण्यातला झाडू शेकडो वेळा येतो. आज नगरपालिकेच्या गाडीवरचा झाडू किती वेळा येतो? आपण गावकी टाकली, मेलेली ढोरं ओढणं टाकलं. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. हे अभिमानाचंच आहे. पण आपण टाकलेलं काम हवेत विरलं नाही. ते मेहतर, रुखी, वाल्मीकी भावांच्या, मातंग बायांच्या हातात राहिलं. आपल्यातलेही पुष्कळ जण अजून त्याच हजेरीच्या ओळीत उभे आहेत. त्यांच्याशी आपली सोयरीक किती? त्यांच्या वस्तीत आपली शाखा किती?

माझ्या एका मित्राचे वडील एका नगरपालिकेत झाडूकामाला होते. मित्राचा मुलगा बी. ए. झाला. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत शासनानं ते सगळे निर्णय एकत्र करून पुन्हा पक्के केले. मुलगा आजोबांच्या जागेसाठी कागद गोळा करत फिरतोय. मी त्याला म्हटलं, "अरे, हा वारसा आहे का? जमिनीचा वारसा असतो, वाड्याचा असतो." तो म्हणाला, "काका, दुसरी परमनंट नोकरी दाखवा. उद्या कागद फाडतो."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्या दृष्टीनं झाडू म्हणजे पगार, दवाखाना, बहिणीचं लग्न. तो चुकला नाही. पण ज्या व्यवस्थेत ब्राह्मणाच्या पोराला वारसानं पोथी सक्तीची राहिली नाही आणि आपल्या पोराला वारसानं झाडू ही सवलत वाटते, ती व्यवस्था अजून बलुत्याचीच आहे, हे त्याला नाही तर आपल्याला समजायला हवं. हा हक्क काढून घ्या असं मी म्हणत नाही. तो काढला तर ठेकेदार टपून बसलाय, निम्म्या पैशात तोच झाडू त्याच जातीच्या हातात देईल. भाकर राहावी आणि जात सुटावी, ही लढाई त्यामुळंच अवघड आहे.

हातानं मैला उचलण्यावर १९९३ ला बंदी आली, २०१३ ला नवा कायदा आला. गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला सांगितलं, २०२३ ला ३० लाख सांगितलं. रक्कम वाढली. माणूस उतरायचा थांबला नाही.

आणि घरात? जयंतीच्या कमिटीत समतेवर तास तास बोलणारा कार्यकर्ता सकाळी उठतो तेव्हा त्याच्या अंथरुणाभोवतीनं कुणीतरी झाडून गेलेलं असतं. ती बायको असते, बहीण असते, माय असते. मीही त्यातलाच. 'घर झाडलेलं होतं' – आपल्याही घरात कर्मणीच चालतो.

सहा

मेहरूणच्या तलावावर गणपती विसर्जन होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निर्माल्य, कागद, प्लॅस्टिक गोळा करणारी माणसं काठावर दिसतात. त्यावर आपण टीका करतो, भक्ती यांची आणि घाण उपसायची त्यांनी. बरोबर आहे. पण १४ एप्रिलची आपली मिरवणूक संपली की रात्री रस्त्यावर फुलं, गुलाल, पाण्याच्या पिशव्या, पत्रकं पडलेली असतात. एका वर्षी मी मागं रेंगाळलो होतो. झाडणाऱ्यांपैकी एकाला जयभीम केला. त्यानंही हसून जयभीम केला आणि म्हणाला, "साहेब, जयंती आमची पण आहे. पण आमची ड्यूटी आहे."

पुढच्या बैठकीत मी सुचवलं, मिरवणुकीचा रस्ता मंडळाच्या पोरांनी झाडावा. एक तरुण उसळून उठला. "बाबासाहेबांनी टाकायला सांगितला तो झाडू आपण परत हातात घ्यायचा?" त्याचा राग मला आवडला. असा राग नसता तर आपण आज इथं नसतो. पण मी त्याला म्हटलं, भाऊ, बाबासाहेबांनी सक्ती टाकायला सांगितली. सफाई टाकून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सांगितलेली नाही. आपण केलेला केर आपण झाडला तर ती गुलामी होत नाही. आपला केर दुसऱ्या जातीनं झाडावा असं आपल्याला सहज वाटायला लागलं, की मात्र आपल्यात थोडा पेशवा शिरला असं समजावं. वाद झाला. ठराव झाला नाही. पाच पोरं मात्र त्या रात्री थांबली.

मग मला वाटलं, आधी घर. एका सकाळी मायच्या हातातून झाडू घेतला. ओट्यावरून ती बघत होती. मी उभ्यानंच फराफरा ओढायला लागलो, धूळ सगळी वर. ती ओरडली, "आसं नही झाडतस! वाकीसन झाड."

वाकून झाड. मी वाकलो. पाच मिनिटांत कंबर भरून आली. तेव्हा प्रथमच लक्षात आलं, घरातल्या केरसुणीची मूठ वीतभर असते. दोन हात काठी बांधली तर माणूस ताठ उभा राहून झाडू शकतो. इतकी साधी गोष्ट पिढ्यान् पिढ्या घराघरात का झाली नाही? कारण वाकणारी कंबर झाडू वापरायला सांगणाऱ्याची नव्हती. या शब्दाचा हा अर्थ कोशात लिहिलेला नसतो. तो मुठीच्या लांबीत लिहिलेला आहे.

त्याच दिवशी बाजारातून बांबूची काठी आणली आणि झाडूला बांधली. आता घरात त्यानंच झाडतो. काही दिवस मी, काही दिवस पोरगा. पोरगा टाळाटाळ करतो, खोटं कशाला सांगू. मायला काठीची सवय नाही, ती काठी सोडून परत वाकते. मग आमचं भांडण होतं.

तुमच्या घरात सकाळी कोण झाडतं? उत्तर कर्तरी प्रयोगात द्या.

जयभीम.